फोन अचानक किंचाळला तर: अलर्ट बंद करण्याआधी एवढं करा

चिपळूणच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. 20 जुलै 2023 ला सकाळी सरकारने आपत्तीच्या अलर्टची चाचणी घेतली, सायलेंटवरचे फोनही कर्कश वाजले, आणि तेव्हापासून ‘दादा, हे सरकारचं फोनमधून काढून टाका’ असं म्हणत लोक येतात. मी सरसकट काढून देत नाही. ज्या गावात 2021 च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी दुकानांत शिरलं, तिथे हा आवाज बंद करून द्यायला माझा हात धजत नाही.

पहिली शंका ठरलेली: ‘माझा नंबर यांच्याकडे गेला कसा?’ गेलेलाच नाही. ही पद्धत सेल ब्रॉडकास्टची. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम संदेश सोडतो, रेडिओ स्टेशनसारखा. नंबरांची यादी लागत नाही, आणि तुम्ही कुठे आहात हे या संदेशातून उलट कुणाला कळत नाही. तुमच्या फोनमध्ये कुणी शिरलेलं नसतं. ही यंत्रणा दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आहे.

खरी भीती बाळगायची ती भामट्यांची. अलर्टला ओटीपी, आधार, बँक खातं काहीच नको असतं. ‘सरकारी अलर्ट चालू ठेवायला हे ॲप टाका’ असा फोन किंवा व्हॉट्सॲप आला तर फोन ठेवा, लिंक उघडू नका. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आता सेटिंग. अँड्रॉइडवर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी अलर्ट’ टाइप करा. प्रत्येक कंपनीचा मेनू वेगळा, म्हणून शोधणंच सोपं. आत ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ सापडेल. आयफोनवर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि अगदी तळाशी. चाचणीच्या आवाजाने घरातलं आजारी माणूस दचकत असेल तर फक्त ‘टेस्ट अलर्ट’चं बटण बंद करा. ‘एक्स्ट्रीम’ आणि ‘सिव्हिअर’ ही दोन्ही चालू राहू द्या. पूर, दरड, वादळ यांचे इशारे त्यातूनच यायचे. त्याच पानावर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर जुन्या अलर्टची यादीही दिसते. घाईत पुसला गेलेला संदेश तिथे पुन्हा वाचता येतो.

एका बाबतीत मात्र मी वेगळं सांगतो. घरच्या मारहाणीमुळे एखादी बाई लपवून दुसरा फोन ठेवत असेल, तर या आवाजाने तो उघडा पडू शकतो. एप्रिल 2023 मध्ये ब्रिटनमध्ये अशीच देशभर चाचणी झाली, तेव्हा अशा बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी हाच धोका मांडला होता. ताई, त्या फोनवरचे सगळे अलर्ट बंद करा, आणि लागत नसेल तेव्हा तो पूर्ण बंदच ठेवा. नुसता सायलेंट पुरत नाही.

खरा अलर्ट आला तर ‘ओके’ दाबण्याआधी पूर्ण वाचा. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन मगच. कुठला भाग, कशाचा धोका, काय करायला सांगितलंय, हे बघा आणि शेजारच्या आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. खात्री करायची असेल तर 1077 हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे. आजच सेव्ह करा. आणि पावसाळ्यात रात्री फोन बंद किंवा फ्लाइट मोडवर टाकून झोपू नका, कारण बंद फोनवर टॉवरचा कुठलाच इशारा पोहोचत नाही.