कानस शेवटी: गिटार-बेसच्या फ्रेटचं काम शिकणाऱ्यांसाठी

गिटार दुरुस्ती शिकायला आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यातच हातात कानस हवी असते. मी ती लपवून ठेवतो. ‘बझ येतोय’, म्हणजे तार झणझणतेय, म्हणून आणलेल्या बऱ्याच गिटारांचे फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासावेच लागत नाहीत. शिवाय नवा फ्रेट असतो जेमतेम १ ते १.४ मिलिमीटर उंच. त्यातला धातू एकदा गेला की गेला.

आधी बझ नेमका कुठे येतो ते बघा. मोकळी तारच झणझणत असेल, तर बहुधा नटची (दांड्याच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खाच खोल गेलेली असते. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर सगळीकडे येत असेल, तर नेक (गिटारचा दांडा) फार सरळ झाली आहे किंवा मागे वाकली आहे. बाराव्याच्या पुढे येत असेल, तर ॲक्शन (तारांची फ्रेटांपासूनची उंची) फार खाली आहे, नाहीतर नेक बॉडीला मिळते तिथे फुगवटा आला आहे. पाचव्यावर बझ आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर मात्र संशय फ्रेटवर घ्यायचा. तोही पाचव्याच्या आधी सहाव्यावर, कारण तार पुढच्या उंच फ्रेटला घासत असते.

मग नेकचा बाक. गिटार सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्यापाशी तारेखालची फट मोजायची. गिटारला पाव मिलिमीटरच्या आसपास, बेसला ०.३ ते ०.३५. जाड तार जास्त हेलकावते, तिला जागा लागते. मोजायला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) हवं. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. मोटरसायकलचे टॅपेट सेट करतात तेच. बाक कमीजास्त करायला ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा गज) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका.

पावसाळ्यात मुंबई-कोकणातून आलेलं वाद्य लगेच टेबलावर घेऊ नये. लाकूड ओल धरतं, बाक बदलतो. चार दिवस तारा ताणलेल्या ठेवून दुकानात राहू द्या, मग मोजा. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटं होतं: फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी फळी) आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. ग्राहक त्यालाही ‘फ्रेट खराब झालेत’ म्हणतो, पण ते काम वेगळं. फक्त टोकं घासायची.

बाक ठीक असेल तर सरळ धारेची स्टीलची पट्टी घ्या. ती एका वेळी बरोबर तीन फ्रेटांवर टेकली पाहिजे. साडेपंचवीस इंची स्केलच्या (नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी) गिटारवर पहिला ते तिसरा फ्रेट हे अंतर सुमारे ६७ मिलिमीटर, तर बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत सुमारे ३५. म्हणून वेगवेगळ्या लांबीचे तुकडे लागतात. पट्टी डुगडुगली की मधला फ्रेट उंच. प्रत्येक तारेखाली तपासा; एकच फ्रेट एका टोकाला उंच आणि दुसरीकडे ठीक असू शकतो.

आणि तरीही कानस नाही! त्या फ्रेटवर लाकडाचा ठोकळा दाबा. फ्रेट खाली गेला तर तो खाचेतून सुटलाय. आजूबाजूला मास्किंग टेप लावून अगदी पातळ सुपरग्लू खाचेत सोडायचा, क्लॅम्पने दाबून ठेवायचं. न चिकटवता घासलात, तर तुम्ही हलणाऱ्या वस्तूची उंची मोजत बसाल.

फ्रेट पक्का असून उंच असेल, किंवा बरेच फ्रेट वरखाली असतील, तेव्हा लेव्हलिंग, म्हणजे सगळे माथे एका पातळीत आणणं. तारा काढून ट्रस रॉडने नेक अगदी सरळ करा. फिंगरबोर्डवर टेप, फ्रेटांच्या माथ्यावर मार्कर. सपाट बीमला ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून नेकच्या लांबीच्या दिशेने फिरवायचं, हाताचं वजन न टाकता. प्रत्येक माथ्यावरची शाई जराशी निघाली की थांबा.

इथपर्यंतचं काम लवकर होतं. वेळ खातं ते क्राउनिंग, म्हणजे माथा पुन्हा गोल करणं. घासलेल्या फ्रेटचा माथा सपाट होतो. तसाच ठेवला तर तार त्याच्या ब्रिजकडच्या कडेवरून सुटते, सूर किंचित चढतो आणि सतारीसारखा झंकार येतो. मिरजेचे कारागीर सतारीच्या घोडीवर जवारी काढताना हाच झंकार मुद्दाम आणतात. आपल्याला तो घालवायचा आहे. माथ्यावर पुन्हा मार्कर लावा, क्राउनिंगच्या कानशीने दोन्ही बाजू गोल करा, आणि मधोमध शाईची केसाएवढी रेघ शिल्लक ठेवा. ती पुसली म्हणजे तो फ्रेट आता शेजाऱ्यांपेक्षा बुटका झाला. पुढे ६०० ते २००० नंबरचे पेपर आणि पॉलिश. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअपवर (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) टेप हवीच, वूलचा चुरा लोहचुंबकाला चिकटून बसतो.

तारा चढवल्यावर बाक पुन्हा द्यायचा, मग ॲक्शन, मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघायची. बेसवाल्यांना आधीच विचारा, स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवता का. त्यातल्या अनेकांना तार फ्रेटवर आपटल्याचा आवाज हवाच असतो, आणि अँपमधून न ऐकू येणारा बझ घालवायला कुणी फ्रेटची उंची खर्चू नये. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट मात्र सुरुवातीला घेऊ नका. निकेल सिल्व्हरच्या नेहमीच्या फ्रेटवर मजेत चालणारी कानस त्यांच्यावर फार लवकर बोथट होते.