वाळवंटीकाठच्या घरांसाठी पावसाळ्याची तयारी

गोव्यातल्या वाळवंटी नदीच्या काठी राहणाऱ्यांनी आपल्या अंगणातल्या पावसावरून पुराचा अंदाज बांधू नये. साखळीत उघडीप असते, तेव्हाच चोर्ला घाटात धो धो कोसळत असतो. म्हणून सगळ्यात आधी घाटाखालच्या केरी गावाच्या बाजूच्या एखाद्या नातेवाइकाला मिरगापूर्वीच सांगून ठेवा, की वर जोर धरला तर रात्री-अपरात्रीही फोन कर.

हवामान खात्याचा इशारा सकाळ-संध्याकाळ बघायचाच. ऑरेंज म्हणजे चोवीस तासांत साधारण ११५ ते २०४ मिलिमीटर, रेड म्हणजे त्याहून जास्त. पण मला विचाराल तर त्याच्या जोडीला नदीच्या वरच्या अंगाचं अंजुणे धरण किती भरलंय हे कळलंच पाहिजे. जूनचा मुसळधार पाऊस रिकामं धरण पोटात घेतं. ऑगस्टमध्ये ते काठोकाठ असलं, की त्याहून कमी पावसातही दरवाजे उघडावे लागतात. जलस्रोत खात्याची सूचना आली की नदीत कुणी उतरू नये, गुरं दाव्याला ठेवू नयेत. डिचोली तालुक्यातल्या साळ गावच्या लोकांनी हीच नजर तिळारी धरणावर ठेवावी. ते पाणी दोडामार्गातून शापोरा नदीत येतं.

भरतीच्या वेळा भिंतीवर लिहून लावा. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. वाळवंटी पुढे मांडवीला मिळते, आणि मांडवीत भरतीचा जोर आत गांजे गावापर्यंत जाणवतो, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वरून आलेल्या पाण्याला उतरायला वाट मिळत नाही. घाटातला पाऊस, उघडे दरवाजे आणि उधाण एकाच रात्री जुळत असतील, तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं दिवसाउजेडीच उंचावरच्या घरी पाठवा.

काठच्या एखाद्या पायरीवर रंगाने खूण करून ठेवा. पाणी लालसर होऊन पालापाचोळा, ओंडके वाहून येऊ लागले, की वरचा लोंढा आला समजा. मग मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढलेला, कागदपत्रं आणि औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत. मदतीला ११२.

पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंतींपासून लांबच राहा. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी तालुक्यात कितीतरी मातीची घरं कोसळली, आणि भिजलेली भिंत पाणी उतरल्यावरही खचते. विहिरीत क्लोरीन टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका. चिखलात वावरल्यानंतर ताप आला तर तो अंगावर न काढता आरोग्य केंद्रात जा आणि पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका त्यांना तिथेच येते.