बीटल्सचं ‘देअर्स अ प्लेस’ दोन सुरांत बसवताना

युवारंगला, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला, पाश्चिमात्य समूहगीत घ्यायचं आणि तेही बीटल्सचं, म्हटलं की दोन-चार ठरलेली गाणी पुढे येतात. १९६३ च्या त्यांच्या पहिल्या एलपीवरचं (मोठ्या तबकडीवरचं) ‘देअर्स अ प्लेस’ मागेच राहतं. तिथे ते शेवटून दुसरं आहे, लगेच ‘ट्विस्ट अँड शाउट’ सुरू होतं. मग याची आठवण कोणाला राहणार! पण जळगाव-धुळ्याकडच्या ज्या संघाला सगळ्यांनी एकाच सुरात गायची सवय आहे, त्याने सुरुवात इथूनच करावी. दोन मिनिटांच्या आत संपतं, आणि आवाज वाद्यांपासून सुटे ऐकता येतात.

त्यासाठी स्टिरिओ प्रतच हवी. मूळ ध्वनिमुद्रण दोनच ट्रॅकवर झालं, म्हणून वाद्यं डावीकडे, आवाज उजवीकडे. वायरचा हेडफोन लावून उजवा कान ऐका. दोन्हीकडे सारखंच वाजत असेल तर प्रत मोनो आहे (१९८७ ची सीडी तशीच होती), नाहीतर मोबाईलमधलं ‘मोनो ऑडिओ’ सुरू राहिलंय. लहान ब्लूटूथ स्पीकरवर हा प्रयोग फसतो, तो दोन्ही बाजू एकत्र करतो. संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करून डावा ट्रॅक बंद करा. गाणं हळू करायचं तर ‘चेंज टेम्पो’ वापरा. ‘चेंज स्पीड’ने पट्टीही उतरते.

खालचा सूर जॉन लेननचा, वरचा पॉल मॅकार्टनीचा. आधी वरचा शिकवा, तोही स्वतंत्र चाल म्हणून. खालचा आधी पक्का झाला की वरचे गायक नकळत त्याच्यावर घसरतात. मींड आणि हरकती पूर्ण बंद: एकाने सूर ओढत नेला आणि दुसऱ्याने सरळ गाठला की मधलं अंतर बिघडतं आणि दोघंही बेसूर वाटतात.

मूळ पट्टी पांढरी तीन, म्हणजे ई. गिटारवर ई, ए, बी, सी शार्प मायनर, जी शार्प मायनर. मधला भाग सी शार्प मायनरवरून एफ शार्पला जातो. वरचा आवाज ताणत असेल तर पांढरी दोनवर (डी) उतरा: डी, जी, ए, बी मायनर, एफ शार्प मायनर, मधल्या भागात बी मायनर आणि ई.

दुकानात सहज मिळणारा सी पट्टीचा माउथ ऑर्गन इथे निरुपयोगी, ई पट्टीतले चार शार्प सूर त्यात नाहीत. ई पट्टीचा घ्या, पांढरी दोनवर गाणार असाल तर डीचा. वाजवणारा मात्र न गाणारा हवा. ११ फेब्रुवारी १९६३ ला खुद्द बीटल्सनीही दहाव्या टेकवर (ध्वनिमुद्रणाच्या दहाव्या प्रयत्नावर) हार्मोनिका, म्हणजे माउथ ऑर्गन, नंतर चढवली होती.

ढोलकीवाल्याला केरवा ताल धरू देऊ नका. जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. पहिलीवर आला की गाणं भजनाकडे झुकतं.