कर्मचारी कोर्टात जाण्याआधी मालकाने काय करून ठेवावं

नोटीस हातात पडली की छोटे मालक वकिलाकडे धावतात. वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘लेखी काय आहे?’ बहुतेकांची पंचाईत तिथेच होते, कारण सगळा कारभार तोंडी.

१. कामावर पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र द्या. काम, तास, पगार, रजा आणि नोकरी संपवताना द्यायच्या नोटिशीची मुदत दोन पानांत मावते. सह्या दोघांच्या, एक प्रत कर्मचाऱ्याकडे. ‘कंत्राटी’ असा शब्द घातला म्हणून सुटका होते असं समजू नका. कामाची वेळ, जागा, पद्धत तुम्हीच ठरवत असाल तर तो नोकरच ठरू शकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २००६ची शिफारसही हेच सांगते: करारातल्या नावापेक्षा प्रत्यक्षातलं काम बघा.

२. हजेरी आणि जादा कामाचे तास रोजच्या रोज लिहा. त्याच्याकडे स्वतःची डायरी आणि तुमच्याकडे काहीच नाही, तर डायरीचं पारडं जड होतं.

३. चुकांची नोंद त्याच दिवशी करा. खरी मेहनत इथे आहे. ‘कामात हलगर्जी, वागणूक बरी नाही’ या नोंदीला कोर्टात काडीची किंमत नाही. अशी लिहा: ‘१२ तारीख. माल दुपारी २ला पाठवायचा होता, ४.३०ला गेला. म्हणाला, गाडी उशिरा आली. गेटवरच्या वहीत गाडी १.४५ला आल्याची नोंद आहे. समज दिली. सोमवारी पुन्हा बोलायचं.’ खाली त्याची सही घ्या. नाही म्हणाला तर तेही लिहा. त्याचं म्हणणं नोंदवायला मालक हमखास विसरतात. मागची तारीख टाकून नोंदी तयार करण्याचा मोह टाळा, फाइल कधी बनवली ते कॉम्प्युटर सांगतो. आणि दुसऱ्याला त्याच चुकीवर सोडून दिलं असेल, तर हीच नोंद भेदभावाचा पुरावा म्हणून तुमच्यावर उलटेल.

४. तक्रार ऐकायला मालकाशिवाय आणखी एक माणूस ठेवा. छोट्या जागेत अनेकदा तक्रार मालकाविरुद्धच असते! तक्रार आल्यावर त्या व्यक्तीची पाळी बदलणं किंवा पगारवाढ रोखणं अंगाशी येतं. मूळ आरोप टिकला नाही तरी सूड उगवल्याचा दावा अनेक देशांत स्वतंत्रपणे चालतो.

५. काढायची वेळ आली तर आधी कारण सांगा, बाजू मांडू द्या, मग निर्णय घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२च्या १५८ क्रमांकाच्या करारात हाच क्रम आहे. तो सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, पण तसं वागल्याने नुकसान कुणाचंच होत नाही. पत्रातलं कारण आणि आधीच्या नोंदी जुळल्या पाहिजेत. चारचौघांत अपमान करू नका. निम्मी भांडणं पैशांपेक्षा त्या अपमानापायी कोर्टात जातात, असं माझं मत. हिशेब ठरल्या तारखेला चुकता करा आणि पोच घ्या.

६. अशा दाव्यांसाठी विमा मिळत असेल तर घ्या, पण पॉलिसीत काय वगळलंय ते आधी वाचा. बुडवलेला पगार बहुधा त्यात येत नाही.