नव्या श्वसन विषाणूचा नमुना पुण्याला धड पोहोचवायचा कसा

रुग्णाला ताप, खोकला, धाप आहे, नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नाही, आणि तो नुकताच परदेशातून आला आहे किंवा त्याने मेलेल्या कोंबड्या हाताळल्या आहेत. आधी जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला फोन करा, मग स्वॅबला हात लावा. नमुना जायचा तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या इन्फ्लुएन्झा प्रयोगशाळांच्या जाळ्याशी ती जोडलेली आहे. (जाळे आणि पुण्याची प्रयोगशाळा, दोन्ही १९५२ सालची.)

स्वॅब नायलॉन किंवा डॅक्रॉनच्या टोकाचा, प्लॅस्टिकच्या दांडीचा हवा. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचे टोक पीसीआरच्या, म्हणजे विषाणूचे जनुक शोधणाऱ्या तपासणीच्या, आड येतात. रुग्णाचे डोके किंचित मागे झुकवा. स्वॅब नाकपुडीतून वर, डोळ्याकडे नाही, तर टाळूला समांतर, कानाच्या रोखाने सरकवा. मागे टेकला की काही सेकंद तसाच ठेवा आणि फिरवत बाहेर काढा. अर्ध्यावर अडकल्यावर जोर लावू नका, दुसरी नाकपुडी बघा. नुसता पुढचा शेंबूड आला तर अहवाल निगेटिव्ह येतो आणि सगळे निर्धास्त होतात. सर्वांत महाग चूक हीच. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर श्वासनलिकेतला स्रावही पाठवा.

दांडी खुणेवर मोडून २ ते ३ मिली व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात) टाका आणि नळी २ ते ८ अंशांत ठेवा. पोहोचायला काही दिवस लागणार असतील तर उणे ७० अंश लागतात. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून सोडू नका. गोठण्या-वितळण्यात विषाणू मरतो.

पॅकिंग तिहेरी. नळीचे झाकण पॅराफिल्मने (ताणता येणाऱ्या मेणपट्टीने) बंद, भोवती सगळा द्रव शोषेल इतका कापूस, मग न गळणारा दुसरा डबा, त्याबाहेर आइस पॅक आणि शेवटी कडक खोका. कागद दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवा, आत भिजलेला फॉर्म कुणाला वाचता येत नाही. खोक्यावर ‘यूएन ३३७३’चा, म्हणजे आत रोगनमुना असल्याचा, टोकावर उभ्या चौकोनाचा शिक्का, प्रत्येक बाजू किमान ५० मिमी. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) असेल तर तो बंद डब्यात कधीच नको. वायूला वाट नसेल तर डबा फुटतो. प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू पाठवायचा असेल, तर नियम याहून बरेच कडक आहेत.

पुढचे काम दिल्लीतून चालते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार देशाने घटनेचे मूल्यमापन ४८ तासांत करायचे आणि ती कळवण्याजोगी ठरली तर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला सांगायचे. कसोटीचे प्रश्न चार: परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, देशाबाहेर पसरेल का, प्रवास-व्यापारावर निर्बंध येतील का. दोन ‘हो’ आले की कळवायचे. माणसात इन्फ्लुएन्झाचा नवा उपप्रकार सापडला तर प्रश्न न विचारताच.

जनुकीय क्रम लगेच खुला करण्याचे मोल जानेवारी २०२० मध्ये दिसले. वुहानच्या विषाणूचा क्रम जाहीर झाला आणि १३ तारखेला बर्लिनची पीसीआर पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर होती. ३० तारखेला केरळमधल्या भारताच्या पहिल्या रुग्णाचे निदान झाले, तेही पुण्यातच.

देवाणघेवाणीत रुसवेही असतात, आणि ते अनाठायी नसतात. आमच्या विषाणूवरून बनलेली लस आम्हालाच परवडत नाही, म्हणून इंडोनेशियाने २००७ च्या सुमारास एच५एन१चे (बर्ड फ्लूचे) नमुने अडवले. त्यातून २०११ चा करार झाला. महासाथीची शक्यता असलेला इन्फ्लुएन्झा विषाणू जाळ्याबाहेर, म्हणजे लस कंपनीला, देताना बदल्यात काय मिळणार हे त्यात लिहून घेतात. करोना विषाणूंना मात्र तो लागू नाही.