खोप्यांवरच्या मुलांना शिकवायला जायचं असेल तर

दिवाळी सरली की कर्नाटकाच्या सीमाभागातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणीकडचे साखर कारखाने सुरू होतात आणि बीड-विजापूरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या माळावर खोप्या, म्हणजे झोपड्या, घालायला लागतात. आपल्याच राज्यात मुंडगोडला १९६६ मध्ये वसलेल्या तिबेटी वसाहतीतली माणसं निर्वासित म्हणून ओळखली जातात. खोप्यांवरच्या पोरांना तसं कुणी म्हणत नाही, पण घर आणि शाळा दोन्ही त्यांची दरवर्षी चार-पाच महिने सुटते. अशा मुलांसाठी तुमच्या गावच्या समुदाय भवनात संध्याकाळचं केंद्र चालत असेल, तर तिथं हातभार कसा लावायचा ते सांगतो.

आधी स्वतःचा हिशेब करा. हंगाम संपेपर्यंत आठवड्यातले कोणते दोन दिवस नक्की देता येतील? दोनच कबूल करा, पण ते चुकवू नका. पहिल्या आठवड्यात रोज येणारे आणि संक्रांतीला न दिसणारे दादा-ताई आम्ही पुष्कळ पाहिले.

मग मुकादमाला, म्हणजे टोळीच्या म्होरक्याला भेटा. त्याच्या कानावर न घालता खोप्यांत शिरलात तर टोळी बिचकते. पण मुकादमाचा होकार म्हणजे आईचा होकार नव्हे. ती पहाटे फडात जाते, दिवसभर मोळ्या बांधते, वाहते. संध्याकाळी ती चुलीपुढं असते तेव्हा जा आणि तीनच गोष्टी सांगा: पोरं कुठं बसणार, किती वाजता सुटणार, परत कोण आणून सोडणार. उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यानं धावत असतात, त्यामुळे तिची खरी काळजी तिसऱ्या प्रश्नात असते.

आठ-दहा वर्षांची मुलगी आली तर काखेला धाकटं भावंड असणारच. ‘त्याला ठेवून ये’ म्हणालात की दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद. आम्ही केंद्राच्या खिडकीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. बाळ तिथं झोपतं, मुलगी एका हातानं दोरी ओढत दुसऱ्या हातानं पाटीवर लिहिते. शिस्तीच्या माणसाला हे बघवत नाही, पण त्या झोळीनं जेवढी हजेरी वाढली तेवढी खाऊनंही वाढली नाही.

भाषेत माझी फजिती झाली ती सांगून टाकतो. पहिल्या वर्षी मी मराठी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन गेलो. समोरची निम्मी पोरं विजापूरकडची, कन्नड शाळेतली. चार-पाच जण लमाणी, आईला याडी म्हणणारे. आपण सीमाभागातली माणसं ‘ऊटा आतेनु?’ (जेवण झालं का?) असं कन्नडमध्ये सहज विचारतो, तेवढ्यावर पहिला दिवस निभतो. नंतर मात्र कोण कुठल्या लिपीत वाचतं ते विचारून गट पाडा आणि ज्याची जी लिपी तीच पक्की करा. पोर मार्चमध्ये आपल्या गावच्या शाळेत परत जाणार आहे. इथं अर्धवट शिकवलेली दुसरी लिपी त्याला तिथं उपयोगी पडत नाही. गणित सगळ्यांचं एकत्र चालतं. मोळ्या, खेपा, टन यांची उदाहरणं घाला, आकडे त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळतील.

केंद्र म्हणजे शाळा नव्हे, हे मात्र विसरू नका. जवळच्या सरकारी शाळेत नाव घालण्यासाठी मुख्याध्यापकांना भेटा. निपाणी-खानापूरकडं मराठी शाळाही आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्ष मध्यावर आलं म्हणूनही नाही, आणि मूल वयाला साजेशा वर्गात बसतं. टाळाटाळ झाली तर बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) कचेरीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाव लागलं की दुपारचा बिसियूट, म्हणजे शाळेतलं गरम जेवण, मिळतो. आईला पटवायला हा मुद्दा बाकी सगळ्या भाषणांपेक्षा भारी पडतो.

काही गोष्टींत सूट नाही. मुलासोबत बंद खोलीत एकट्यानं बसायचं नाही, केंद्रात कायम दोन मोठी माणसं हवीत. फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत. वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना नम्रपणे पाट्या आणायला सांगा. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर मुकादमाकडं मिटवामिटवी करत बसू नका. १०९८ ला फोन करा. लैंगिक अत्याचार असेल तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारकच आहे.

निरोपाची तयारी फेब्रुवारीतच सुरू करा. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की टोळी एका रात्रीत उठते, सकाळी माळावर नुसतं पाचट उरतं. प्रत्येक पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या गावच्या गुरुजींना चार ओळी लिहून ठेवा: इथं कुठल्या शाळेत किती दिवस बसला, काय वाचायला येतं, कुठं अडतो. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्याच हातात द्या. भांड्यांच्या पोत्यात ती नीट जाते.