लॅपटॉपसाठी यूएसबी-सी हब निवडताना

हब, म्हणजे एका यूएसबी-सी पोर्टला अनेक पोर्ट जोडून देणारी डबी, शोधण्याआधी लॅपटॉपचं पोर्ट तपासा. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. त्यासाठी 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' लागतो आणि तो नसेल तर साध्या हबचं एचडीएमआय पोर्ट निरुपयोगी ठरतं.

मॉनिटर ४के असेल तर '४के' एवढंच वाचून थांबू नका. पुढचा हर्ट्झचा आकडा, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो, महत्त्वाचा. ३० हर्ट्झवर माऊसचा बाण अडखळत सरकतो आणि दिवसभराच्या कामात डोळे शिणतात. ६० हर्ट्झचाच हब घ्या. त्यासाठी बहुतेक हबना लॅपटॉपकडून डिस्प्लेपोर्टची १.४ ही आवृत्ती लागते. दोन मॉनिटर जोडायचे असतील तर आणखी सावध राहा: अ‍ॅपलच्या लॅपटॉपमधलं मॅकओएस एमएसटी पद्धतीने (एकाच जोडणीतून अनेक मॉनिटरना चित्र पाठवण्याची पद्धत) दोन वेगळे पडदे देत नाही, दोन्हीकडे एकच चित्र दिसतं.

चार्जिंगचा हिशोब हबवर छापलेल्या १०० वॅटवर करू नका. हब स्वतःसाठी साधारण १० ते १५ वॅट राखून ठेवतो. म्हणजे ६५ वॅटच्या चार्जरमधून लॅपटॉपला ५०-५५ वॅटच मिळतात. जड कामात बॅटरी उतरू लागते ती यामुळेच.

चार्जर काढला-लावला की अनेक हब क्षणभर सगळी जोडणी तोडतात. त्यावेळी हार्ड डिस्कवर फाइल लिहिली जात असेल तर ती खराब होऊ शकते. परत करण्याच्या मुदतीतच हे करून बघा, पण रिकाम्या पेनड्राइव्हवर.

वायरलेस माऊस अडखळला तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ पोर्टपासून दूर, छोट्या एक्स्टेन्शन केबलवर लावा. त्या पोर्टचा रेडिओ गोंगाट माऊस वापरतो त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो.